लेवीयचा एकोणिसावा अध्याय : फोंड्यातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे प्रकरण

२०२३ च्या जुलै महिन्यात, भर पावसात, फोंड्यातील एक बाई माझ्याकडे आल्या आणि पाऊण तास केवळ हवापाण्याचे बोलून शेवटी म्हणाल्या, "बाई, माझा मुलगा घर सोडून गेलाय, आणि घालवला आम्हीच." शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या मराठी मंडळीतील कुटुंबांच्या अडीअडचणी ऐकून घेण्याचे काम करते. त्यात दारू, वाटणी, सासू-सून, कर्ज असे सगळे येते, परंतु एका मुलाने आपण समलिंगी आहोत असे सांगितल्यामुळे मोडू लागलेले घर माझ्यापुढे प्रथमच आले होते. आमच्यात हा विषय एक तर व्यासपीठावरून एका वाक्यात निकालात निघतो किंवा कुजबुजीत राहतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. त्यासाठी चौघांचीही संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब

वडील चोपन्न वर्षांचे, मूळचे गडहिंग्लजकडचे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करतात आणि गोव्यात येऊन त्यांना सव्वीस वर्षे झाली. आई बालवाडीत शिकवतात. थोरली मुलगी मिरजेला दिलेली आहे. चोवीस वर्षांचा मुलगा पणजीत एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो. तो उत्तम ढोलकी वाजवतो, आणि दर गुरुवारी त्यांच्याच घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीते त्याच्या ठेक्याशिवाय कधी सुरू होत नसत.

या प्रार्थनासभेचे महत्त्व समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. गोव्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी कॅथलिक आहे, त्याची मिस्सा, म्हणजे उपासना, कोंकणीत होते, त्याचे सण, त्याचे गावचे चर्च आणि त्याचे नातेगोते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. घाटावरून आलेले मराठी प्रोटेस्टंट कुटुंब त्या समाजाला आपले वाटत नाही, आणि शेजारच्या मराठी हिंदू कुटुंबांनाही ते पूर्णपणे आपले वाटत नाही. अशा अकरा कुटुंबांनी मिळून ही सभा उभी केली होती. आजारपणात डबा तिथूनच यायचा, मुलीच्या लग्नाला हात तिथलेच लागले होते, आणि कोविडच्या दिवसांत वडिलांना श्वास लागला तेव्हा रात्री अडीच वाजता गाडी घेऊन धावून आले ते याच सभेचे वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी. पुढे ज्यांच्या निर्णयामुळे मुलगा दुखावला गेला तेही हेच गृहस्थ. ते निर्दय मनुष्य नाहीत. हे आरंभीच सांगणे मला न्यायाचे वाटते, कारण निर्दय मनुष्य समोर असता तर हे प्रकरण फार सोपे झाले असते.

घडले ते असे

मे महिन्यात मिरजेहून एक स्थळ आले. आईने मुलाकडे फोटो मागितला. आई विळीवर नारळ खवत होती, मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आणि तिथेच त्याने सांगितले की तो कोणत्याही मुलीशी लग्न करू शकणार नाही, त्याचे एका मुलावर प्रेम आहे आणि हे त्याला शाळेपासून ठाऊक आहे. आई काहीच बोलली नाही. ती खवत राहिली, इतकी की पांढऱ्या खोबऱ्यात करवंटीचा तपकिरी चुरा पडू लागला. ते खोबरे तिने नंतर फेकून दिले. हे तिने मला दोन वेळा सांगितले, जणू अपराध तेवढाच होता.

वडील तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी सभेच्या ज्येष्ठांना सांगितले. मुलाला न विचारता त्याची गोष्ट तिसऱ्या माणसापर्यंत गेली, ती अशी. ज्येष्ठ दोघांना घेऊन घरी आले आणि दोन गोष्टी ठरल्या : पश्चात्ताप होईपर्यंत मुलाने ढोलकी वाजवायची नाही, आणि त्याच्यासाठी तीन दिवस उपवास-प्रार्थना करायची. तीन दिवस त्याच्या डोक्यावर तेल लावून, हात ठेवून, त्याच्यातील "आत्म्याला" धमकावण्यात आले. तिसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, "मला आता बरं वाटतंय." पुढच्या गुरुवारी आईने सभेत मुलाला बरे वाटल्याची साक्षही दिली. जूनच्या अखेरीस जेव्हा लग्नाचे बोलणे पुन्हा निघाले तेव्हा त्याने सांगितले की त्याला काहीही झालेले नव्हते. त्याच्यासोबत आईही उपाशी राहिली होती, तिची साखर खाली गेली होती, आणि तिने जेवावे म्हणून तो खोटे बोलला होता. त्याच रात्री तो बॅग भरून सांतिनेजला एका खोलीवर राहायला गेला.

माझी पहिली चूक

मी चौघांना एकत्र बसवले. वादाच्या प्रकरणांत मी नेहमी तसेच करते. इथे तसे करायला नको होते. ज्याची गोष्ट एकदा त्याच्या हातून हिसकावून घेतली गेली आहे, त्याला पुन्हा चारचौघांत बसवून "बोल" म्हणणे म्हणजे तेच दुसऱ्यांदा करणे होय. तो एक तास खाली मान घालून बसला आणि निघून गेला. त्यानंतर मी त्याला मिरामारच्या किनाऱ्यावर दोन वेळा एकट्याला भेटले, आणि तेव्हा मला कळले की अठराव्या वर्षापासून चार वर्षे त्याने स्वतःच उपवास केले होते, गुडघे टेकले होते, देवाकडे बदल मागितला होता. घरच्यांना वाटत होते की त्याने प्रयत्नच केला नाही. खरे तर त्या घरात सर्वांत जास्त प्रार्थना त्यानेच केली होती.

लाल शाईच्या खुणा

ऑगस्टमध्ये वडील स्वतःहून आले. सोबत त्यांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होते, कडा झिजलेले, आणि त्यात समलिंगी संबंधांचा निषेध करणाऱ्या वचनांना लाल बॉलपेनाने खुणा केलेल्या : लेवीय १८:२२, लेवीय २०:१३, रोमकरांस पत्र १:२६-२७, करिंथकरांस पहिले पत्र ६:९. "बाई, हे लिहिलेलं आहे. मी काय खोडून टाकू?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला वळसा घालून जाण्याचा मला अधिकार नव्हता.

मी त्यांना काहीही खोडायला सांगितले नाही. मी स्वतः परंपरागत शिकवणीत वाढले आहे, आणि उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांचा आधार घेऊन येशू मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात विवाहाविषयी जे बोलतो ते स्त्री आणि पुरुष यांना उद्देशून आहे, हे मी नाकारत नाही. काही अभ्यासक म्हणतात की ही पत्रे लिहिणाऱ्या पौलाचा रोख त्या काळच्या गुलाम मुलांच्या शोषणावर आणि देहविक्रयावर होता, दोन प्रौढांच्या एकनिष्ठ नात्यावर नव्हता. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते सगळे ओझे पेलत नाही, कारण करिंथकरांस लिहिताना पौलाने वापरलेला "आर्सेनोकोइताय" हा शब्द लेवीयच्या ग्रीक भाषांतरातील दोन शब्द जोडून बनलेला दिसतो, म्हणजे त्याच्या मनात लेवीयच होते. देवाने नाश केलेल्या सदोम नगराच्या गोष्टीचे मात्र तसे नाही. यहेज्केल १६:४९ सदोमचा अधर्म सांगताना गर्व, पोटभर अन्न आणि निश्चिंतपणा असूनही गोरगरिबांना हात न देणे, असे म्हणतो. तिथे जमाव पाहुण्यांवर बलात्कार करायला आला होता, आणि ती गोष्ट या मुलाला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग मी वडिलांना एवढेच सांगितले की अठरावा आणि विसावा अध्याय तुम्ही रंगवला आहे, आता मधला अध्याय मोठ्याने वाचा. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायावर एकही खूण नव्हती. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" ही आज्ञा, जिला येशूने देवावरील प्रीतीच्या आज्ञेसोबत सर्व नियमशास्त्राचा आधार म्हटले, ती १९:१८ मध्ये आहे, त्या दोन निषेधांच्या बरोबर मध्ये. वडील वाचत गेले आणि चौतिसाव्या वचनावर थांबले. तिथे म्हटले आहे की तुमच्यात राहणाऱ्या परक्याला आपल्यातल्यासारखे माना आणि त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसरात तुम्हीही परके होता. या माणसाला सव्वीस वर्षे बसमध्ये, बाजारात, कारखान्याच्या दारात "घांटी" म्हणून ऐकावे लागले आहे. त्यांनी पुस्तक मिटले नाही, पण पुढे वाचलेही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे माझ्यासाठी आहे असं मला वाटायचं."

मला या प्रकरणात जे म्हणायचे आहे ते इथे आहे. त्या घराने आधी नीतीचा निकाल लावायचा आणि तो लागेपर्यंत प्रीती राखून ठेवायची, असा क्रम धरला होता. शास्त्राने तो क्रम कुठेही दिलेला नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशू आधी म्हणतो की मी तुला दंड ठरवत नाही, आणि मग म्हणतो की यापुढे पाप करू नकोस. या दोन वाक्यांपैकी दुसऱ्यावर ज्यांचा भर आहे, त्यांनी पहिले वाक्य पहिले का आहे याचे उत्तर दिले पाहिजे. आणि लेवीय २०:१३ शब्दशः घेणार असू तर तिथे शिक्षा मृत्यूची आहे. ती शिक्षा आमच्या ज्येष्ठांनाही नको आहे, म्हणजे वचनाचा अर्थ लावण्याचे काम तेही करतच आहेत.

ज्येष्ठांचे म्हणणे

ज्येष्ठांशी माझी सप्टेंबरमध्ये दीर्घ भेट झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सत्याशिवायची प्रीती म्हणजे लाड, आणि मंडळीने पापाला पाप म्हणणे सोडले तर तिच्याजवळ द्यायला क्षमाही उरत नाही. मी त्यांचा हा मुद्दा मान्य केला. मग मी त्यांना करिंथकरांस ६:९-१० ची यादी पूर्ण वाचायला सांगितली. तिथे लोभी आहेत, मद्यपी आहेत, चहाडखोर आहेत. सभेत पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांचे भावाशी वाटणीचे भांडण कोर्टात आहे आणि त्याच पत्राच्या त्याच सहाव्या अध्यायाची सुरुवात भावांनी एकमेकांना कोर्टात खेचण्याच्या निषेधाने होते, तरी त्यांच्या पेटीवरचा हात कोणी काढलेला नाही. ज्येष्ठ गप्प राहिले. त्यांनी उत्तर दिले नाही म्हणजे त्यांना पटले, असे मात्र मी म्हणणार नाही.

त्यांनी सुचवलेला दुसरा मार्ग आजन्म ब्रह्मचर्याचा होता. हा मार्ग खोटा नाही. येशू त्याविषयी बोलला, पौल स्वतः तसा राहिला. पण पौलच म्हणतो की प्रत्येकाला देवाकडून आपापले वेगळे कृपादान आहे, आणि ज्याला संयम राखता येत नाही त्याच्यावर तो ते लादत नाही. शिवाय आमच्या मंडळ्यांत अविवाहित माणसाला जागा कुठे आहे? गोव्याच्या कॅथलिक गावात पाद्री आहे, सिस्टर आहेत, घराघरांत न लग्न केलेले एखादे तियु, म्हणजे काका, असतात आणि त्यांच्या ताटाची कोणी चौकशी करत नाही. आमच्यात पंचविशी उलटलेल्या मुलाला दर गुरुवारी "यंदा बार उडवायचा ना?" असे विचारतात. ज्याच्याकडून आयुष्यभराच्या एकटेपणाची अपेक्षा करायची, त्याला म्हातारपणी सोबत कोण देणार हे सांगण्याची जबाबदारीही अपेक्षा करणाऱ्यांवरच येते.

पाद्री, डॉक्टर आणि न्यायालय

जुन्या गोव्याकडच्या एका कॅथलिक पाद्रींशी माझा जुना परिचय आहे. त्यांनी मला त्यांच्या चर्चची धर्मशिक्षण-संहिता दाखवली. तिचा परिच्छेद २३५७ समलिंगी कृतींना अयोग्यच ठरवतो. लगेच पुढचा २३५८ म्हणतो की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारले पाहिजे आणि त्यांच्याशी अन्याय्य भेदभावाचे कोणतेही चिन्ह टाळले पाहिजे. २३५९ त्यांना शुद्धतेचे, म्हणजे लैंगिक संयमाचे, पाचारण करतो. तीन परिच्छेद एकापाठोपाठ आहेत, आणि पाद्री म्हणाले की लोक आपल्या सोयीचा एक उचलून नेतात. मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले तेव्हा, समलिंगी व्यक्तींना चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही असे म्हटले होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणे हा गुन्हा नाही असे स्पष्ट सांगितले. पाप आणि गुन्हा यांतील हा फरक वडिलांना फार उपयोगी पडला, कारण मुलाला पोलीस पकडतील ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले आहेत हे त्यांना पाच वर्षांनी माझ्याकडून कळले.

डॉक्टरांचा भाग लवकर आटोपला. आईच्या समाधानासाठी मुलगा पणजीतील एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटला. त्यांनी सांगितले की हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो आजारांच्या यादीतून काढला आहे, आणि "बदलण्याचे उपचार" करणे हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते. उपचार त्यांनी आईला सुचवला, झोपेसाठी.

लग्नाविषयी मात्र मला कठोर व्हावे लागले. मिरजेचे स्थळ अजून जिवंत होते आणि "लग्न झालं की सगळं जागेवर येईल" असे मोठी बहीण फोनवरून सांगत होती. मी तिला विचारले की त्या जागी तुझी नणंद असती तर तू हे केले असतेस का? कॅथलिक कायद्यात, कलम १०९८ नुसार, संमती मिळवण्यासाठी एवढी गंभीर गोष्ट फसवून लपवली तर तो विवाहच अवैध ठरतो. आमच्याकडे असा नियम लिहिलेला असो वा नसो, एका निरपराध मुलीला औषधाची गोळी म्हणून वापरणे हे पाप आहे, आणि याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ते स्थळ सप्टेंबरअखेर सन्मानाने परत गेले.

ठरले ते

ऑक्टोबरमध्ये आम्ही तीन गोष्टींवर आलो. मुलाच्या संमतीशिवाय त्याच्याविषयी कोणाशीही बोलायचे नाही, प्रार्थनेच्या नावाखालीही नाही. त्याला बदलण्यासाठी पुन्हा कोणतीही उपवास-प्रार्थना वा उपचार करायचा नाही. आणि घराचे दार त्याच्यासाठी उघडे राहील, त्यासाठी त्याला काही कबूल करावे लागणार नाही. मुलाने आपल्या बाजूने मान्य केले की आईवडिलांनी आपली धर्मसमजूत बदललीच पाहिजे असा आग्रह तो धरणार नाही. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या संध्याकाळी वडिलांनी मुलाला पाच महिन्यांत प्रथमच फोन केला आणि फक्त "जेवलास का?" असे विचारले. मुलगा मला म्हणाला, "बाई, पप्पांना बातमीचा आनंद झाला असणार. तरी त्यांनी फोन केला."

डिसेंबरमध्ये दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १७ तारखेपासून समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना सुरू झाल्या, आणि १८ तारखेला व्हॅटिकनने एका घोषणापत्राद्वारे पाद्रींना अशा जोडप्यांना विधीबाहेरचा, साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, मात्र विवाहाची शिकवण तीच ठेवून. पुढे जानेवारीत व्हॅटिकननेच खुलासा केला की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असतो. ज्येष्ठांनी गुरुवारी जग भरकटल्याचे सांगितले. वडिलांनी मात्र मला वेगळेच विचारले, "पंधरा सेकंदांत काय म्हणत असतील?" मी म्हणाले, देव तुमचे भले करो, तुम्हांला सांभाळो, असेच काही. त्याआधी नाताळात मुलगा घरी आला होता तेव्हा जेवणाआधी वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना केली. या वेळी तेल नव्हते. मित्राला बोलावलेले नव्हते, आणि मुलाने ते मनाला लावून घेतले, हेही नोंदवले पाहिजे.

आजची स्थिती

३१ मार्च २०२४ च्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला तो आला आणि मागे उभा राहिला. ढोलकी दुसऱ्या कोणी वाजवली. ज्येष्ठांनी बंदी उठवलेली नाही, आईने गुरुवारची सभा आपल्या घरी घेणे थांबवले आहे, आणि अकरांपैकी दोन कुटुंबांनी त्यांच्याकडे येणे बंद केले आहे. हे नुकसान खरे आहे आणि आई ते रोज सोसते आहे.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा वडिलांच्या लक्षात आले की घरात पडून राहिलेल्या ढोलकीची पुडी ओलीने सैल पडली आहे. वाद्य वाजते राहिले नाही तर पावसाळ्यात खराब होते, असे म्हणून त्यांनी ती जुन्या चादरीत गुंडाळली, मांडीवर घेऊन कदंबच्या बसने पणजीला गेले आणि खोलीचे दार वाजवले. दार मुलाच्या मित्राने उघडले. मुलगा अजून कामावरून यायचा होता. मित्राने पाणी दिले, खुर्ची दिली, आणि दोघे बराच वेळ समोरासमोर बसून राहिले. मग वडिलांनी त्याला विचारले, "तुमचं गाव कुठलं?"